भिवा तारींची हिरवी तारीख

भिवा तारी फोनवर ‘इलंय!’ म्हणाले, म्हणजे ते अजून घरातून निघालेलेसुद्धा नाहीत, हे पोवळखाडीच्या दोन्ही काठांवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्यांच्या घराण्यात ही चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पलीकडच्या कांदळे गावच्या काठावर एखाद्या उतारूने तोंडाशी हात धरून ‘ओ ताऽऽरी!’ अशी हाळी दिली, की अलीकडे नेरवळच्या धक्क्यावर चहा पीत बसलेल्या तारीने, म्हणजे नावाड्याने, बसल्या जागेवरून ओरडायचं, ‘इलंय!’ म्हणजे आलोच. मग उरलेला चहा संपवायचा, विडी विझवायची, होडीत साचलेलं पाणी उपसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलायचे आणि मगच वल्ही हातात घ्यायची. पलीकडचा उतारू तोवर झाडाखाली पिशवीवर डोकं ठेवून निवांत पडलेला असे. त्याची काही तक्रार नसे.

आता भिवाकाकांकडे होडीच्या जागी एक टगबोट आणि तिच्यामागे ओढत न्यायचा एक भलाथोरला सपाट बार्ज होता, आणि उतारूंच्या जागी ते खाडीवरच्या नव्या पुलाचे पोलादी तुकडे वाहून आणत होते. बाकी काही बदललं नव्हतं. फोन उचलला की ‘इलंय!’

हेमांगी बोबडे वर्ध्याची. ती या पुलाची समन्वय अभियंता होती, म्हणजे सोप्या भाषेत, कुणी कुणाला काय कबूल केलंय आणि ते खरोखर कधी होणार, याची काळजी वाहणारी बाई. पहिल्याच महिन्यात तिने भिवाकाकांच्या एका ‘इलंय’वर विश्वास ठेवून पन्नास माणसं आणि भाड्याची क्रेन सकाळपासून धक्क्यावर उभी केली होती. काका उगवले ते उन्हं कलल्यावर, हातात शहाळं घेऊन. ‘घे गो बाय, उन्हातान्हात उभी आसस,’ असं म्हणून त्यांनी ते तिच्यापुढे धरलं. भांडायला उघडलेलं तोंड मिटून तिला शहाळं प्यावं लागलं.

पण हे सगळं ‘मेळ’ येण्याआधीचं.

मोठा पूल नुसत्या सिमेंट-पोलादाने उभा राहत नाही. त्यातलं निम्मं बांधकाम शब्दांचं असतं. पोलाद पाठवतो म्हणणारा कारखाना परराज्यात, आराखडा तपासून देतो म्हणणारा सल्लागार चेन्नईत, मोजणी आटोपतो म्हणणारी पोरं वाटेत कुठेतरी. एकाचा शब्द घसरला की त्याच्यावर रचलेले दहा जणांचे शब्द कोसळतात. अशा कामांसाठी ऑनलाइन साधनं पूर्वीही होती. एकच आराखडा सगळ्यांच्या पडद्यावर दिसायचा, सगळे त्यावर खुणा करायचे, शेरे मारायचे, तारखा टाकायचे. पण तारखा टाकणारी शेवटी माणसंच. आणि माणूस तारीख सांगतो ती वस्तुस्थिती बघून नव्हे, समोरच्याचा चेहरा बघून.

‘मेळ’ या नव्या प्रणालीने नेमकं इथे बोट ठेवलं. पुलाच्या कामावरची प्रत्येक बैठक, प्रत्येक फोन, प्रत्येक निरोप त्याच्यामधून जात असे. बोलण्यातलं प्रत्येक आश्वासन तो वेचून बाजूला ठेवी. दुसरीकडे, प्रत्यक्षात काय घडलं हेही त्याला दिसे: वरून फिरणारे ड्रोन, फाटकावरचे कॅमेरे, काँक्रीटच्या पोटात पुरलेले संवेदक. बोललेलं आणि घडलेलं यांची सांगड घालत घालत वर्षभरात त्याने प्रत्येक माणसाचा शब्द ओळखून घेतला. प्रकल्पप्रमुख वाळिंबेसाहेब मुंबईच्या कचेरीतून ‘आज बघतो’ म्हणाले की दोन दिवस लागतात. तेच ‘बघू या’ म्हणाले तर त्याचा अर्थ ‘नाही’. जेवणानंतर दिलेला शब्द जेवणाआधीच्या शब्दापेक्षा सैल असतो, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात कुणाच्याच शब्दात राम नसतो, हेही त्याचं त्याला कळलं. हे असं का, ते त्याला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची त्याला गरजही नव्हती. माणसाने सांगितलेली वेळ पडद्यावर काळ्या अक्षरांत दिसे. शेजारी ‘मेळ’ने काढलेली खरी वेळ हिरव्या अक्षरांत. पुढच्या सगळ्यांची कामं हिरव्या तारखेवर आपोआप लागत.

आणि काय सांगावं, पूल वेळेवर होऊ लागला! सरकारी पूल आणि वेळेवर, हे ऐकून लांबून लांबून लोक बघायला येऊ लागले. बैठकांमधली भांडणं संपली. कुणी थाप मारली तरी ती मारताक्षणी हिरव्या अक्षरांत दुरुस्त होई, मग रागवायचं कशाला? भिवाकाका ‘इलंय’ म्हणाले की पडद्यावर शांतपणे ‘दुपारनंतर’ असं उमटे आणि क्रेनवाले दुपारनंतर येत. शहाळ्याची वेळच येत नसे. हेमांगीला तर पहिल्यांदाच रात्री शांत झोप लागू लागली.

चांगली गोष्ट घरी न्यावीशी वाटतेच. हिरव्या तारखेचंही तसंच झालं. कँटीनमधल्या सुगंधाताई ‘वाढलंच’ म्हणाल्या की लोक फोनवर हिरवी वेळ बघून मगच उठत. एका सर्व्हेअरच्या बायकोने नवऱ्याच्या ‘पाच मिनिटांत पोचतो’ची हिरवी वेळ काढून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली. आणि हेमांगीने एका शुक्रवारी, सहज म्हणून, सलीलचं नाव ‘मेळ’मध्ये घातलं.

सलील तिचा नवरा. तो कोल्हापूरला गुरांचा डॉक्टर होता. दर शुक्रवारी घाट उतरून तो नेरवळला यायचा, म्हणजे यायचं ठरलेलं असायचं. ‘शुक्रवारी नक्की’ असं तो म्हणे, आणि शुक्रवारी दुपारी कुठेतरी एखादी म्हैस अडे, नाहीतर कुणाची गाय विहिरीत पडे. हेमांगी एसटीच्या थांब्यावर उभी राही, एकेक गाडी बघत, चिडत, रडकुंडीला येत. त्याचे जुने निरोप चाळून ‘मेळ’ने सलीलच्या नावापुढे पहिल्याच आठवड्यात लिहिलं: ‘शुक्रवार’, आणि शेजारी हिरव्यात, ‘शनिवार पहाट’. महिन्याभरात ती सरकत सरकत ‘रविवार सकाळ’ झाली.

केवढं हलकं वाटलं तिला! थांब्यावर जाणं बंद झालं. चिडणं बंद झालं. तो रविवारी यायचा, ती रविवारीच स्वयंपाक करायची. ‘हल्ली तू भांडत नाहीस,’ असं सलील एकदा म्हणाला. तिला वाटलं, कौतुकानेच म्हणतोय.

मग एका शुक्रवारी हेमांगी पलीकडच्या काठावर काझींच्या घरी जेवायला गेली. इम्तियाज काझी कांदळेकडून येणाऱ्या अर्ध्या पुलाचा अभियंता, आणि त्याच्या आईच्या हातची बिर्याणी दोन्ही काठांवर प्रसिद्ध. फोन पर्समध्ये गप्प पडला होता. जेवून ती परत आली, तर तिच्या खोलीच्या पायरीवर सलील बसलेला. शेजारी एक उघडा डबा, आणि डब्यात तोंड घातलेली धक्क्यावरची भटकी कुत्री.

‘पुडाची वडी होती,’ तो म्हणाला. ‘तुझ्या आईला फोन करकरून मी स्वतः केली होती. हिला आवडली.’

‘अरे, पण तू आज येशील असं वाटलंच नाही मला!’

‘सांगितलं होतं मी.’

‘तू नेहमीच सांगतोस, सलील.’

‘हो, सांगतो. पण आधी तू वाट बघायचीस.’ तो चिडला नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. ‘उशीर व्हायला लागला ना, की मला तू दिसायचीस. थांब्यावर उभी असशील, चरफडत असशील. मग मी काम कंपाउंडरच्या हवाली करून पळत सुटायचो. आलो तरी शनिवारी पहाटे यायचो. आता मला माहीत आहे, तू उभी नसणार. तुझ्या त्या हिरव्यात रविवार लिहिलाय. मग घाई करायची ती कुणासाठी?’

हिरवी तारीख आजवर कधी चुकली नव्हती; आज चुकली होती, आणि चुकल्याचा आनंद तिला व्हायला हवा होता. तिने कुत्रीला हाकललं आणि डब्यात उरलेली एकुलती एक वडी उचलून खाल्ली. सलील शेवटी हसला. पण रविवारी परत जाताना तो ‘पुढच्या शुक्रवारी नक्की’ म्हणाला नाही. नुसतं ‘बघतो’ म्हणाला.

पुलाचं काम आता थोडंच उरलं होतं. नेरवळकडून एक हात आणि कांदळेकडून एक हात, असे पोलादी दोरांनी तोललेले दोन हात खाडीवर पसरत पसरत मध्यावर आले होते. मध्ये एकाच तुकड्याएवढी फट. तो शेवटचा तुकडा खाडीच्या तोंडाशी असलेल्या बंदरात येऊन पडला होता. तो बार्जवर चढवायचा, खाडीतून आत आणायचा, फटीच्या बरोबर खाली उभा करायचा आणि वर खेचून बसवायचा.

यात मेख सूर्याची. पोलाद तापलं की पसरतं. दिवसा पुलाची वरची बाजू तापते, खालची पाण्यावरच्या सावलीत थंड राहते, त्यामुळे हाताचं टोक खाली वाकतं. भर दुपारी ते चांगलं वीतभर खाली जातं, आणि दोन्ही हात सारखेच वाकतील असंही नाही. रात्रभर थंडावून दोन्ही टोकं एका पातळीत येतात ती पहाटे. कांदळेच्या डोंगरावरून ऊन खाली उतरेपर्यंत तुकडा बसवून जखडला, तर बसला. त्यातही बार्ज तिथवर यायला भरतीचं पाणी हवं. भरती आणि पहाट यांची गाठ पडणारा या हंगामातला शेवटचा दिवस उद्याचा होता. त्यानंतर समुद्र खवळला की बंदर बंद, आणि पूल गेला दिवाळीच्या पलीकडे. कांदळेची पोरं आणखी एक पावसाळा होडीने शाळेत येणार, आणि बाळंतिणी होडीनेच दवाखान्यात.

आदल्या दिवशी सकाळी बैठक भरली. पडद्यावर मुंबईहून वाळिंबेसाहेब, पलीकडच्या काठावरून काझी, आणि हेमांगीच्या शेजारच्या खुर्चीत भिवाकाका, नवा शर्ट घालून.

‘उद्या उजाडताना तुकडो पुलाखाली,’ काका म्हणाले. ‘काळजी करू नकात.’

पडद्यावर काळ्यात उमटलं, ‘उद्या, पहाट’. मग शेजारी हिरव्यात, ‘परवा, दुपार’.

वाळिंबेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ‘मग प्रश्नच मिटला. सहाशे माणसं रात्रभर दोन्ही टोकांवर उभी करण्यात काय अर्थ? हेमांगी, उद्याचा बेत रद्द झाल्याचं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळवा. दिवाळीनंतर बघू.’

भिवाकाका उठून बाहेर गेले. त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मुंबईपर्यंत ऐकू गेला असावा.

हेमांगी बाहेर आली तेव्हा ते पाण्याच्या पिंपाजवळ उभे होते. हातात भरलेला पेला होता, तोंडाला लावलेला नव्हता.

‘काका, वाईट वाटून घेऊ नका. यंत्र आहे ते, तुमच्यावर त्याचा राग नाही.’

‘राग आसतो तर बरा होता गो. रागार भांडता येता.’ त्यांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. ‘तुका एक सांगतंय. गेले चार म्हयने मी वेळेर जातंय. ह्या हिरव्या अक्षरांची लाज वाटता म्हणान. सकाळी येतंय म्हटलंय, की सकाळी बंदरार हजर. पण धक्क्यार कुत्रा नसता! क्रेनवाल्यांक तुमच्या मेळान सांगितलेला, भिवा दुपारी येतलो. मी आपलो बसतंय दुपारपर्यंत. मगे ते येतत, मगे माल चढता, आणि संध्याकाळी हंय पोचलंय की लिहितत, भिवाक परत उशीर!’

‘मग तुम्ही मला सांगितलं का नाही?’

‘कोणाक सांगू? सांगितल्यार तेचीय हिरवी तारीख येतली!’

हेमांगीला हसू आलं, आणि अर्ध्यातच थांबलं. तिच्या डोळ्यांपुढे आली ती बंदरावरची क्रेन नव्हे. कुलूप लावलेलं दार, पायरीवर बसलेला सलील आणि उघडा डबा. ‘मेळ’ माणसाच्या शब्दाचं भाकीत करत होता, इथवर ठीक. पण ते भाकीत तो सगळ्यांना सांगतही होता, आणि सगळे त्याप्रमाणे वागत होते. उशीर होणार म्हणून कुणी वाट बघायची नाही. कुणी वाट बघत नाही म्हणून उशीर व्हायचा. मग यंत्र म्हणणार, बघा, मी सांगितलं होतं. हिरवी तारीख खरी ठरत होती, कारण ती स्वतःच स्वतःला खरी करत होती. आणि हे सगळं ती, समन्वय अभियंता, दीड वर्ष कौतुकाने बघत होती.

‘पण काका,’ ती म्हणाली, ‘त्याच्या आधी तर तुम्ही खरंच उशीर करायचात ना?’

‘करत होतंय की!’ काका उसळून म्हणाले. ‘मी करी, माजो बापूस करी. पण पलीकडे कधी कोणाक ठेवून इलंय? एक माणूस दाखव, जेका ह्या भिवान काठार ठेवल्यान. इलंय म्हटला की उतारू निवांत झोपता, ता कित्याक? तेका ठाऊक आसता, उशीर होतलो, पण तारी येतलो.’

हे मात्र ‘मेळ’ला कुणी शिकवलं नव्हतं. कोण किती उशीर करतो ते तो मोजत होता. कोण कधीच कुणाला सोडून जात नाही, हे मोजायचा रकानाच त्यात नव्हता.

हेमांगी आत गेली. कुणाच्याही शब्दावरची दुरुस्ती काढून टाकायचा अधिकार तिला होता; तिने तो कधी वापरला नव्हता. तिने भिवाकाकांचं नाव उघडलं, ‘शब्द जसाच्या तसा धरा’ हा पर्याय निवडला. यंत्राने कारण विचारलं. तिने लिहिलं, ‘त्यांनी सांगितलंय म्हणून.’ यंत्र म्हणालं, कारण अपुरं आहे. तिने पुन्हा तेच लिहिलं आणि खाली सही केली. हिरवी अक्षरं पुसली गेली. बंदरापासून पुलाच्या टोकापर्यंत सगळ्यांच्या पडद्यांवर एकच वेळ राहिली, काळी, ‘उद्या, पहाट’.

दुसऱ्याच मिनिटाला वाळिंबेसाहेबांचा फोन आला. ‘अहो, हे काय कारण झालं?’

‘साहेब, पूर्वी पूल याच कारणावर बांधायचे.’

‘आणि बार्ज आला नाही तर? सहाशे माणसांचा रोज कुणाच्या नावावर टाकू?’

‘माझी सही आहे ना खाली. मला काढून टाका.’

‘बघू या,’ साहेब म्हणाले.

‘बघू या’ म्हणजे नाही, हे तिला पाठ होतं. पण साहेबांनी तिचा आदेश मागे घेतला नाही. उलट दहा मिनिटांनी निरोप आला, की पेढे मी सांगून ठेवतोय, ते मुंबईहून निघतील.

मग तिने सलीलला फोन लावला. उद्या पूल जुळणार, हे ऐकून तो एकदम म्हणाला, ‘मी येतो. सकाळी पोचतो तिथे.’ पडद्यावर लगेच हिरव्यात ‘सोमवार’ उमटायला लागलं. ते पुरतं उमटायच्या आत हेमांगीने त्याचंही नाव उघडून दुरुस्ती काढून टाकली.

‘ये,’ ती म्हणाली. ‘मी वाट बघते.’

‘खरंच?’

‘खरंच. उशीर केलास तर भांडणार आहे.’

‘बरं झालं,’ सलील म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की तिला लाज वाटली.

पहाटे दोन्ही टोकांवर माणसं उभी होती. या टोकावर हेमांगी, त्या टोकावर काझी, मध्ये फट आणि फटीखाली काळं पाणी. भरती भरत आली होती. दोन्ही टोकं एका पातळीत आली होती, हे मोजणीवाल्यांनी ओरडून सांगितलं. सगळं होतं, फक्त बार्ज नव्हता. खाडी वळणापर्यंत रिकामी दिसत होती.

पूर्वेला फटफटलं. हेमांगीने फोन लावला. भिवाकाकांनी पहिल्याच घंटेला उचलला आणि ते तिने तोंड उघडायच्या आत गरजले, ‘इलंय!’

फोनचा आवाज मोठा होता. आजूबाजूच्या सगळ्यांनी तो ऐकला. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं. हेमांगी चरफडली. पण गंमत अशी, की ही चरफड तिच्या ओळखीची होती. एसटीच्या थांब्यावर, एकेक गाडी सलीलला न उतरवता निघताना व्हायची ती हीच. किती दिवसांत झाली नव्हती! ती वळणाकडे डोळे लावून उभी राहिली, चिडत, मनातल्या मनात काकांना शिव्या मोजत, आणि त्याच वेळी मनापासून त्यांची वाट बघत.

ऊन डोंगराच्या माथ्यावर टेकलं तेव्हा इंजिनाची धडधड ऐकू आली.

वळणावरून आधी टगबोट दिसली, मग बार्ज, बार्जवर तो अवाढव्य तुकडा. आणि तुकड्याच्या चारी बाजूंनी माणसं. डोक्यावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, छत्री उघडून बसलेले एक मास्तर, सायकल धरून एक पोस्टमन आणि एक शेळी.

‘काका!’ हेमांगी कठड्यावरून ओणवी होऊन किंचाळली. ‘हे काय? ही कोण माणसं?’

‘वाटेत हाळी दिल्यानी!’ काका खालून ओरडले. ‘काठार ठेवून येऊ?’

‘अहो, वेळ! ऊन आलं!’

‘खंय इला? डोंगरार आसा अजून! माका माजा इलंय ठाऊक आसा गो बाय, तुज्या मेळापेक्षा बरा ठाऊक आसा. म्हणान काल रातीच भायर सरलंय!’ मग त्यांचा आवाज एकदम बदलला. ‘आणि बाय, बंदरार क्रेनची पोरां उभी होती. माज्या आधी! चाय घेवन!’

एवढं बोलून ते घाईघाईने टगबोटीकडे वळले, आणि नंतर बराच वेळ त्यांनी वर बघितलं नाही.

उतारूंना छोट्या होडीने काठावर लावलं, शेळीला उचलून. वरून जाड दोर सुटले, तुकड्याला अडकले. दोन्ही टोकांवरचे जॅक एका लयीत कुरकुरू लागले आणि तुकडा पाण्यावरून सुटून वर येऊ लागला, इतका सावकाश, की तो हलतोय हे खालच्या पाण्याकडे बघितलं तरच कळे. ऊन डोंगरावरून उतरून कांदळेच्या माडांच्या शेंड्यांवर आलं. तुकडा फटीत शिरला. या बाजूला जेमतेम बोटभर जागा, त्या बाजूला बोटभर. मोजणीवाला पोटावर पालथा पडून बघत होता. त्याने डोकं वर उचललं आणि नुसता अंगठा दाखवला. मग पहिला बोल्ट गेला, दुसरा गेला. ऊन पुलावर आलं तेव्हा तुकडा दोन्ही बाजूंनी जखडलेला होता.

आणि मग जी आरोळी उठली, ती ऐकून खाडीतले बगळे उडाले. तिकडून काझी धावत आला. अजून सहा-सात बोल्टच बसले होते, म्हणून दोघांनी तुकड्याच्या आपापल्या कडेला थांबून लांबूनच एकमेकांकडे हात उंचावले. कुणीतरी नारळ फोडला. वाळिंबेसाहेब फोनवर दिसत होते, ते लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. ‘पेढे निघालेत हं, पोचतीलच,’ ते म्हणाले, आणि सगळे इतके हसले की साहेबांना कळेना आपलं काय चुकलं.

हेमांगीला रडू येत होतं आणि ते लपवावंसं वाटत नव्हतं. भिवाकाका शिड्या चढून वर आले होते. ते फटीच्या जागी बसलेल्या तुकड्यासमोर चपला काढून उभे राहिले, खाली पाण्याकडे बघितलं, मग दोन्ही काठांकडे.

‘खाडीवरची होडी बंद होणार आता, काका,’ ती म्हणाली.

‘होवंदे. चार पिढ्यो वल्ही मारून खांदे भरान इले.’ ते हसले. ‘आता मी हाळी देतलंय, नि तुमी सगळे धावत येवा!’

दुपारपर्यंत उरलेले बोल्टही बसले, पूल एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग झाला. सुगंधाताईंनी चहाची किटली पुलावरच आणली. हेमांगीने पहिला घोट घेतला न घेतला, तोच पलीकडच्या, कांदळेच्या काठावरून हाळी आली. तोंडाशी हात धरून, लांबवत.

‘ओ हेमाऽऽऽ!’

होडीच्या जुन्या पायऱ्यांवर, झाडाखाली, पाठीला पिशवी अडकवलेला एक माणूस उभा होता. पहाटेची नेरवळची गाडी सलीलची चुकली होती, कारण रात्री म्हैस अडली होती. पण तो तसाच दुधाच्या टेम्पोत बसून निघाला होता, टेम्पो कांदळेला जाणारा निघाला, आणि फोनची बॅटरी संपली होती. हे सगळं हेमांगीला नंतर कळलं. आत्ता तिला एवढंच दिसलं, की सकाळी येतो म्हणालेला माणूस दुपारी आलाय, आणि आलाय.

‘तारीऽऽ, होडी!’ सलीलने पुन्हा हाळी दिली.

सगळ्यांनी भिवाकाकांकडे बघितलं. काकांनी आपला पेला उचलला आणि ते ऐसपैस मांडी घालून बसले. ‘माका बघू नकात. मी आज सुट्टीर आसंय. उतारू तिचो, तिना जावचा.’

हेमांगी कठड्याशी गेली. तिने तोंडाशी दोन्ही हात धरले आणि सगळं बळ एकवटून ओरडली, ‘इलंऽऽय!’

पूल हसून हसून हादरला. खिशात फोन थरथरला. ‘मेळ’ विचारत होता, नवा शब्द नोंदवू का? तिने फोन बंद केला. मग तिने उरलेला चहा संपवला, हेल्मेटचा पट्टा नीट केला, वाटेत काझीशी चार शब्द बोलली, आणि मगच नव्या पुलावरून पलीकडच्या काठाकडे निघाली. या काठावरून त्या काठावर पायी जाणारं ते पहिलं माणूस.

पलीकडे सलील झाडाखाली पिशवीवर डोकं ठेवून निवांत पडला होता. त्याची काही तक्रार नव्हती.